लॉनसाठी खत घ्यायला गेलो आणि युरिया मिळाला नाही, बरंच झालं

आमचं घर जळगावला मेहरूणमध्ये, मागे 600 स्क्वेअर फुटाचं लॉन आहे, आई रोज संध्याकाळी त्यावर अनवाणी चालते म्हणून त्याला खूप जपतो आम्ही. मागच्या उन्हाळ्यात एका दुकानातून पाच किलो सुटं खत आणलं होतं, पांढरे दाणे, साध्या कॅरीबॅगमध्ये, ना लेबल ना बिल, "टाका बिनधास्त" म्हटले म्हणून टाकलं. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन, चौथ्या दिवशी जिथे जिथे मूठ पडली तिथे तळहाताएवढे पिवळे डाग. ते भरायला पार गणपती उजाडले.

यावेळी बस स्टँडमागच्या कृषी सेवा केंद्रात गेलो आणि सरळ युरियाची गोणी मागितली. दुकानदार काका म्हणाले, "दादा, हाऊ युरिया वावरना शे, आंगनना नही," म्हणजे हा शेताचा आहे, अंगणाचा नाही. आधी रागच आला, पैसे देतोय ना आपण. मग त्यांनी गोणीच दाखवली, फक्त शेतीसाठी असं त्यावर छापलेलंच असतं, 45 किलो 266 रुपये 50 पैशांना मिळते ती सबसिडीमुळे, म्हणून तर पॉस मशीनवर (विक्रीची नोंद करायचं यंत्र) अंगठा लावून देतात. पेरणी झाली की याच गोणीसाठी कापूसवाले रांगेत उभे असतात, माझे मामा पण असतात चोपड्याला, आणि मी ती हिरवळीवर ओतणार होतो. पटलं मला.

त्याऐवजी केळीवाले ड्रिपमधून सोडतात तेच 19:19:19 दिलं (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), एक किलोचं पाकीट, आणि गांडूळखताच्या दोन गोण्या. एका लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे एका पाकिटाचं 200 लिटर खताचं पाणी तयार होतं, आधी लॉन भिजवायचं आणि ऊन उतरल्यावरच झारीने द्यायचं. पाऊस येणार असेल तर अजिबात नाही, आमच्या गल्लीचं पाणी उताराने तलावाकडेच जातं, खत पण त्याच्याबरोबर जाणार. महिन्याभरात दोनदा दिलं, रंग मस्त आलाय, डाग एकही नाही.

गांडूळखताची एक गोणी मात्र खराब निघाली. मुठीत दाबलं तर लाडू झाला आणि बोटांमधून पाणी आलं, नियमाने ओलावा 15 ते 25 टक्केच पाहिजे. परत नेली तर काकांनी काही न बोलता बदलून दिली, नवीन गोणीतलं चहा पावडरसारखं मोकळं होतं, वास पण पहिल्या पावसात मातीला येतो तसा.

दुकानात परवाना समोरच लावलेला, स्टॉक आणि भावाचा बोर्ड रोजचा, पक्कं बिल न मागता मिळतं आणि त्यावर बॅच नंबर सुद्धा. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात हे सगळं आहे हो, सुटं विकायला पण एका प्रकारची एकच गोणी उघडी ठेवता येते. तुम्हाला कुणी बिल द्यायला नाही म्हटलं तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा, मी मागच्या वर्षी केली नाही याचं वाईट वाटतं अजून.

घरपोच देत नाहीत, गोण्या रिक्षात टाकून आणाव्या लागतात. दुपारी एक ते चार बंद असतं, सकाळीच जा.