आतपाव रवासुद्धा नीट मोजून देणारं दुकान

कर्वेनगरच्या आतल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून एक किराणा दुकान आहे. जागा जेमतेम. तीन गिऱ्हाइकं उभी राहिली की चौथ्याने पायरीवर थांबायचं. पुण्यात एकट्याने राहणाऱ्या आणि स्वतः रांधून खाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच दुकान सुचवते, कारण इथे कुठलीही सुटी वस्तू शंभर ग्रॅमपासून मिळते. "काका, आतपाव रवा द्या" म्हटलं की काका दहा किलो गहू घेणाऱ्याला देतात तेवढंच लक्ष देऊन पुडी बांधतात. "एवढंच का ताई?" असा प्रश्न नाही.

मी मूळची बार्शीची. इथे वन-रूम-किचनमध्ये एकटी राहते, नोकरी शिफ्टची. एकट्याच्या घरात सगळ्यात महाग काय पडतं, तर न संपलेली वस्तू. मोठ्या दुकानांतल्या "एकावर एक" योजना चार माणसांच्या घरासाठी ठीक आहेत. मला महिन्याला रवा लागतो पावकिलोच्या आत. दोन किलो घरी आणला तर पावसाळ्यात त्याला जाळी धरणार आणि निम्मा कचऱ्यात जाणार, मग किलोमागे वाचलेल्या दहा रुपयांना काय अर्थ? शेंगदाण्याचं तसंच. आमच्या सोलापूरकडच्या स्वयंपाकात दाण्याचा कूट लागतोच, पण दाणे तेलकट, कूट करून ठेवला की उन्हाळ्यात लवकर खवट होतो. इथून मी पावकिलो दाणे आणते, त्यातले निम्मे भाजते, निम्मे कच्चेच डब्यात राहतात. बेसन, सुकं खोबरं, तीळ, पोहे हेही याच रांगेतले. संकष्टीला साबुदाणा लागतो तोही आतपाव, एका खिचडीपुरता.

सुट्या मालाचा आणखी एक फायदा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पिठं यांच्या 25 किलोपर्यंतच्या पाकिटांवर 5 टक्के जीएसटी लागतो. पोत्यातून काढून समोर मोजून दिलेल्या डाळीवर तो नाही. पाकिटाची छपाई, कंपनीची जाहिरात हा खर्चही त्यात नाही. त्यामुळे इथली तूरडाळ नावाजलेल्या पाकिटापेक्षा किलोमागे वीस-पंचवीस रुपयांनी स्वस्त पडते आणि शिजते उत्तम. काका डाळ घेतानाच सांगतात, ही लवकर शिजेल, ती जरा वेळ घेईल. गॅस सिलिंडर एकटीने भरायचा असतो तेव्हा ही माहिती फार मोलाची.

पण खरी गंमत गिरणीची आहे. बहुतेक गिरण्यांत किलोभर दळण घेऊन गेलं की चेहरा उतरतो. इथे किलोचंही दळण घेतात, फक्त ज्वारीची वेळ सकाळी दहापर्यंत. गव्हानंतर लगेच ज्वारी टाकली तर आधीचं पीठ मिसळतं, म्हणून ते वेळ वेगळी ठेवतात. मला हे फार आवडलं. ज्वारीचं पीठ ताजंच हवं. जुनं झालं की चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात आणि पीठ कडवट लागतं. दुकानात मालदांडी ज्वारी असते, दाणा टपोरा आणि पांढरा. किलोभर घ्यायची, तिथेच शेजारी दळायला टाकायची, दळणाचे आठ रुपये द्यायचे आणि येताना गरम पीठ घेऊन यायचं. माझ्या दोन आठवड्यांच्या भाकरी त्यात होतात. बाहेरच्या पोळी-भाजी केंद्रावर भाकरी वीस रुपयांना एक मिळते, म्हणजे काय वाचतं ते तुम्हीच मांडून बघा.

तांदळात इंद्रायणीचा तुकडा मागा. अख्ख्या तांदळापेक्षा बराच स्वस्त, वास तोच, आणि मऊ भाताला किंवा मुगाच्या खिचडीला तुकडाच जास्त चांगला. एकट्यासाठी रात्रीचं जेवण म्हणून खिचडी, वर चमचाभर तूप आणि भाजलेला पापड, याहून स्वस्त आणि पोटभरीचं मला दुसरं माहीत नाही. आंबेमोहोराची कणीही कधीकधी येते, ती आली की मी दोन किलो घेते. तांदूळ टिकतो.

सगळंच इथून घ्या असं मी म्हणणार नाही. साखर, मीठ, साबण, भांडी घासायची पावडर मी सुपरमार्केटमधून आणते. या वस्तू खराब होत नाहीत आणि तिथे छापील किमतीपेक्षा कमीत मिळतात. इथे पाकीटबंद माल छापील किमतीलाच. तेलही पिशवीतलंच घ्यायचं, खाद्यतेल सुटं विकायला अन्नसुरक्षेच्या नियमांत बंदीच आहे आणि काका ते विकत नाहीत, हे चांगलं. तेल घेताना मात्र पिशवीवरचं वजन वाचा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, पण तशाच दिसणाऱ्या पिशव्यांत हल्ली त्याहून कमी तेल असतं. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत बारीक अक्षरात छापलेली असते, तीच बघून ठरवायचं.

दहा मिनिटांत घरी सामान देणाऱ्या ॲपवरून मी आता फक्त आजारी असले तरच मागवते. शंभर रुपयांचं हवं असतं आणि घरपोच खर्च वाचवायला दोनशेचं घ्यावं लागतं. तो वरचा शंभर म्हणजे बहुतेकदा बिस्किटं आणि फरसाण.

या दुकानातल्या उणिवाही सांगते. माल निवडून घ्यावा लागतो. गेल्या खेपेला मटकीत खडे निघाले, काकांनी बदलून दिली, पण दात वाचले ते आधी ताटात पसरून निवडली म्हणून. सुट्या मालावर तारीख नसते, तेव्हा पोहे आणि बेसन हातात घेऊन वास घ्या, काका अडवत नाहीत. हळद-तिखट मी सुटं घेत नाही, लहान पाकीट घेते किंवा अख्ख्या मिरच्या. बिल म्हणजे कागदाच्या चिठ्ठीवर पेनाने लिहिलेले आकडे, पण प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा लिहिलेला असतो आणि बेरीज मी कायम तपासते. अजून चुकलेली नाही. दुपारी एक ते साडेचार दुकान बंद. शिफ्ट असणाऱ्यांना हे जड जातं. संध्याकाळी सात ते आठ गर्दी, तेव्हा आतपाव-आतपावच्या दहा पुड्या मागू नका, मागच्यांचा खोळंबा होतो. मी यादी सकाळी देते आणि कामावरून येताना सामान उचलते.

माझं महिन्याचं वाणसामान, भाजी आणि दूध सोडून, तेराशे ते पंधराशेत बसतं. आधी दोन हजारांच्या वर जायचं, तेही खाणं तेवढंच असताना. डबे घरून नेले तर काका थेट डब्यात मोजून देतात, डब्याचं वजन आधी वजा करून. गिरणी सोमवारी बंद असते, दुकान उघडं. यूपीआय चालतं, उधारी नाही.