अंध मुलांसाठी गेम शोधताय? आधी एनव्हीडीए टाका

घरात न दिसणारं किंवा एकदमच कमी दिसणारं लेकरू आहे अन् ते कॉम्प्युटरसाठी मागे लागलंय, अशांसाठी हे लिहून राहिलो. "बोलणारे गेम" म्हणून जे विकतात ना, त्यातले बरेचसे आपल्या कामाचे नाहीत. नागपुरात बर्डीवरच्या एका दुकानदारानं आमच्या गळ्यात असंच एक एज्युकेशनल पॅक मारलं, त्यात बाई गोड आवाजात म्हणते लाल फुग्यावर क्लिक करा, अन् मग गप्प. आता फुगा कुठंय हे आमच्या भाचीनं हुंगून शोधायचं का?

त्यापेक्षा एनव्हीडीए टाका. गेम नाहीये, स्क्रीन रीडर आहे, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतं, अन् फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करननं २००६ मध्ये सुरू केलं, नंतर जेम्स टेह सोबत आला, दोघंही स्वतः अंध. वापरताना ते जाणवतं. पेन ड्राइव्हवर पोर्टेबल कॉपी पण करता येते, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लावा अन् चालू.

पोरांसाठी पहिली गंमत म्हणजे इनपुट हेल्प. इन्सर्ट धरून १ दाबा, मग कुठलंही बटण दाबलं की ते फक्त स्वतःचं नाव सांगतं, काही उघडत नाही, काही डिलीट होत नाही. माझी भाची ९ वर्षांची, मानेवाड्याला राहते, ती सगळ्या बटणांवर तबला वाजवत बसली होती, मधेच एफ अन् जे वरचे उंचवटे बोटाला लागले तर म्हणे "मामा, इथं फोड काहून आले?" तिथूनच बोटं कुठं ठेवायची ते शिकवलं, वेगळा क्लास नाही लागला.

दुसरी गंमत एनव्हीडीएच्या माऊस सेटिंगमध्ये लपलीय. ऑडिओ कोऑर्डिनेट्स चालू केलं की माऊस हलवताना टूं टूं आवाज येतो, वर नेला की बारीक, खाली आणला की जाड, अन् डावीकडे नेला की डाव्या कानात, उजवीकडे नेला की उजव्या. हेडफोन पाहिजेच, त्याशिवाय डावं-उजवं कळत नाही. स्क्रीन चौकोनी असते हे पोरीला आम्ही तोंडानं किती सांगितलं होतं, पण कोपऱ्यात जाऊन आवाज अडकला तेव्हा तिला पटलं. आता ती चारही कोपरे गाठायची शर्यत लावते अन् डोळस भाऊ हरतो, कारण त्याला डोळे मिटून खेळावं लागतं.

मराठी टायपिंगला विंडोजमधला इन्स्क्रिप्ट कीबोर्डच घ्या. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. के दाबला की क, शिफ्ट धरून ख, आय ला ग अन् शिफ्टनं घ, एच ला प अन् फ. कानानं शिकणाऱ्या पोरांना ही जोडी पटकन बसते. एनव्हीडीएच्या आवाजाला ईस्पीक (लिहिलेलं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) मधला मराठी निवडा, तो यंत्रासारखा बोलतो हे खरं, आज्जीला तर अजिबात आवडत नाही, पण पोरगी आठवडाभरात सरावली अन् वरून स्पीड वाढवून बसली, आता मलाच समजत नाही.

इंग्रजी टायपिंगला अमेरिकन प्रिंटिंग हाऊस फॉर द ब्लाइंडचं "टायपर ऑनलाईन" नावाचं टायपिंग शिकवणारं सॉफ्टवेअर आहे, ब्राउझरमध्ये चालतं, तेही फुकट. गोष्टींच्या पुस्तकांसाठी २०१६ ला सुरू झालेली सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाईन लायब्ररी आहे, मेंबर व्हावं लागतं.

लॅपटॉपवर इन्सर्ट बटण अडचणीच्या जागी असेल तर एनव्हीडीए पहिल्यांदा उघडल्यावर जी वेलकम खिडकी येते तिथंच कॅप्स लॉकवर टिक करा, मग इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक धरलं तरी चालतं, छोट्या हाताला सोपं जातं.

बाकी मराठीत, खास अंध पोरांसाठीच बनवलेला एखादा गेम मला काही सापडला नाही. कोणाकडे असेल तर नाव टाका ना भाऊ, फक्त आयपॅडवाला नको, आमच्याकडे जुना विंडोज लॅपटॉप आहे.