म्हापशाचा शुक्रवारचा बाजार: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

गोव्यात पहिल्यांदाच येणाऱ्या मराठी प्रवाशाने एक शुक्रवारची सकाळ किनाऱ्याऐवजी म्हापशाला द्यावी, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. पणजीपासून सुमारे 13 किलोमीटरवर असलेले हे बार्देश तालुक्याचे शहर एरवीही गजबजलेलेच असते, परंतु शुक्रवारी बार्देश आणि पेडण्याच्या गावांतून, शिवाय सीमेपलीकडच्या दोडामार्ग भागातूनही विक्रेते येतात आणि बाजारसंकुलाबाहेरचे रस्तेसुद्धा टोपल्यांनी भरून जातात. पहिली अर्धी घटका केवळ वाट काढण्यात जाते. त्याला इलाज नाही.

मूळ बाजार पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळातला असून तो आखून बांधलेला आहे. गर्दीतून सरावल्यावर लक्षात येते की केळी, मासळी, कापड, भांडी यांच्या जागा ठरलेल्या आहेत. या बाजाराचे खरे मोल मात्र पक्क्या दुकानांत नाही. आपल्याच परसातला माल घेऊन जमिनीवर बसलेल्या बायकांपाशी आहे. गोव्यातली बरीचशी भाजी बेळगावहून येते, त्यामुळे गावठी माल कोणता हे विचारूनच घ्यावे. मराठीत विचारले तरी अडत नाही. उत्तर बहुधा कोकणीत येते आणि ते सहज समजते. गावठी मालाला भाव थोडा जास्त पडतो, आणि मला तो योग्य वाटला.

हरमलच्या मिरच्या, सोले (म्हणजे आमसुले), माडाचा गूळ, माडाच्या ताडीपासून केलेले व्हिनेगर आणि माळांनी टांगलेले चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, हे सारे एकाच फेरीत पाहायला मिळते. मयडे गावची लांबलचक केळी पाहून ती नुसती सोलून खाण्याचा मोह होतो, पण येथील घरांत ती बहुधा शिजवून खातात आणि त्यांचा फिगाद हा गोड पदार्थही करतात. मे महिन्यात आल्यास पावसाळ्याची बेगमी, म्हणजे पुरुमेंत, कशी करतात हे प्रत्यक्ष दिसते: सुके बांगडे, सुंगटे (कोळंबी), मिरच्या आणि कांदे यांची खरेदी इतक्या गांभीर्याने चाललेली असते की पर्यटकाकडे लक्ष द्यायला कोणालाही सवड नसते. मला तरी ही उपेक्षा सुखद वाटली. सुक्या मासळीच्या वासाची सवय नसलेल्यांनी तो भाग शेवटी ठेवावा.

वाटा आणि डझन ही येथील मापे आहेत. मासळीचा वाटा मांडलेला असतो, मानकुराद आंबा डझनावर मिळतो, आणि घासाघीस चालते ती माफक. पाच-दहा रुपयांसाठी हट्ट धरणे शोभत नाही. याउलट पर्यटकांसाठी मांडलेल्या टी-शर्ट आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत सांगितलेला भाव मुकाट्याने देऊ नये. काजूच्या बाबतीत अधिक सावध राहावे, कारण गोव्याच्या नावाने विकला जाणारा प्रत्येक काजू गोव्यात पिकलेला नसतो. अखंड, सालासकट भाजलेला काजू चाखूनच घ्यावा. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी ती रस्त्यावरच्या बाटलीतून न घेता परवानाधारक दुकानातूनच घेतलेली बरी.

खाण्यासाठी मोठे उपाहारगृह शोधत बसण्यापेक्षा पाव-भाजी आणि चहा घ्यावा. गोव्यातली ही भाजी म्हणजे पातळ भाजी किंवा सुकी बटाट्याची भाजी, मुंबईची पावभाजी नव्हे. दहाच्या आत पोहोचल्यास फिरणे सोपे जाते, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात. स्वतःची गाडी आणू नये: ती उभी करायला जागा मिळणे शुक्रवारी जवळपास अशक्य असते. बसस्थानक बाजाराला लागूनच आहे, पणजी आणि सावंतवाडीच्या बसगाड्या तेथूनच मिळतात, आणि रेल्वेने येणाऱ्यांना थिवी हे स्थानक जवळ पडते.