मालाच्या नावाने की गिऱ्हाइकाच्या कामाने? कोकणी मेव्याच्या दुकानाची साइट नव्याने लावताना

कोकणी मेव्याची साइट चालवणाऱ्या आमच्यासारख्या दुकानदारावर एक दिवस असा येतोच, की साइटवर सगळं आहे आणि गिऱ्हाइकाला काही सापडत नाही. सुरुवातीला दहा-पंधरा वस्तू असतात, सगळ्या पहिल्याच पानावर दिसतात. पुढे पिठं येतात, मसाले येतात, सुकी मासळी येते, आणि प्रत्येक नवी वस्तू जागा मिळेल तिथे बसवली जाते. मग एका पावसाळ्यात सगळं उतरवून पुन्हा लावायचं ठरतं, आणि तिथे खरा प्रश्न पडतो: विभाग मालाच्या प्रकारावर पाडायचे, की गिऱ्हाईक ज्या कामासाठी येतं त्यावर?

मालवणातल्या आमच्या दुकानाच्या साइटवर मी दोन्ही करून पाहिलं आहे. पहिली मांडणी तीन वर्षं चालवली, दुसरी गेली दोन वर्षं चालू आहे. डोमेन, होस्टिंग, पैसे घेण्याची सोय, फोटो हे सगळं तुमचं झालेलं आहे असं धरून लिहितो.

प्रकारानुसार मांडणी म्हणजे सुका मेवा, पेये, मसाले, पिठं, पापड-फेण्या, सुकी मासळी, आंबा. बिलाच्या वहीत हेच, मागच्या खोलीतल्या फळ्यांवरही हेच. त्यामुळे नवा मुलगा कामाला लागला तरी दुसऱ्या दिवसापासून माल चढवू शकतो. वस्तू एक, जागा एक. ज्याला ‘काजूगर, पाव किलो’ एवढंच हवं आहे, तो दोन टिचक्यांत पोचतो. मुंबईचे चाकरमानी, ज्यांना नावं तोंडपाठ आहेत, त्यांची या मांडणीबद्दल कधीच तक्रार नव्हती. शिवाय सुकी मासळी आपल्या घरात वेगळी राहते. श्रावणात साबुदाण्याचे पापड बघायला आलेल्या माणसाला सोडे-जवळ्याचे फोटो दिसले तर त्याला ते रुचत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

कामानुसार मांडणीत आमच्याकडे आता असे विभाग आहेत: सोलकढीला, मासळीच्या कालवणाला, पावसाची बेगमी, गणपतीसाठी, प्रवासात खायला, भेट द्यायला, हंगामातलं ताजं. पहिल्यांदा कागदावर लिहिलं तेव्हा मलाच ते कच्चं वाटलं. दुकानाची पाटी असावी तसं ते दिसत नव्हतं, घरातल्या बोलण्यासारखं दिसत होतं.

मला ज्याने निर्णय घ्यायला लावला ती गोष्ट एका बाटलीची आहे. किंवा दोन बाटल्यांची.

कोकम आगळ आणि अमृत कोकम. आगळ म्हणजे रातांब्याचा मिठात मुरलेला रस, सोलकढीला लागतो तो. अमृत कोकम साखरेतलं, पाणी घालून सरबत करायचं. दोन्ही गडद लाल, दोन्ही बाटलीत. प्रकारानुसार मांडणीत दोन्ही ‘पेये’ या विभागात शेजारी शेजारी बसल्या, कारण दोन्ही पातळ आणि दोन्ही बाटलीत. डोंबिवलीच्या एका बाईंचा रविवारी दुपारी एकच्या सुमारास फोन आला. “दादा, सोलकढी गोड झालीय हो. लसूण-मिरची घालून बसले, नारळाचं दूधही गेलं. पाहुणे पानावर बसायचे आहेत.” मी विचारलं, “ताई, बाटलीवर काय लिहिलंय?” त्यांनी वाचून दाखवलं, अमृत कोकम. चिडल्या नव्हत्या त्या, नुसत्या कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. पाठीमागे ताटं मांडल्याचा आवाज येत होता. मी पैसे परत केले, आगळ पाठवलं, पण ते दुपारचं जेवण काही मला परत देता आलं नाही.

असे फोन त्या उन्हाळ्यात इतके आले की मी आधी मांडणीला हात न लावता डागडुजी करून पाहिली. नावापुढे ‘गोड’ आणि ‘खारट’ लिहिलं. फोटो बदलले. वर्णनात ‘सोलकढीसाठी हे नव्हे’ अशी ओळ टाकली. फरक पडला, पण थोडा. वर्णन वाचतं कोण? माणूस फोटो आणि किंमत बघतो आणि बाटली टोपलीत टाकतो.

मग लक्षात आलं की दुकानात समोर उभ्या गिऱ्हाइकाची ही चूक कधी होत नाही. का होत नाही, ते काउंटरवर उभं राहून पाहिलं. आई आगळाच्या बाटल्या आमसुलांच्या बरणीशेजारी ठेवते, खाली नारळांची टोपली. सरबताच्या बाटल्या पुढच्या बाजूला, थंड पेयांच्या कपाटाजवळ, जेटीवरून किल्ला बघून तहानलेली माणसं येतात तिथे. वस्तूच्या शेजारी काय आहे त्यावरून ती कशाला लागते ते गिऱ्हाइकाला न विचारता कळतं. साइटवर आम्ही तेच शेजार मोडून टाकले होते. आगळ ‘सोलकढीला’ या विभागात आमसुलांजवळ आणून ठेवलं आणि अमृत कोकम ‘प्रवासात खायला’च्या शेजारी सरबतांत नेलं, तेव्हापासून हा फोन मला आलेला नाही. याचं मोजमाप माझ्याकडे नाही. दुसऱ्या दुकानात वेगळंही घडू शकेल. पण माझ्यापुरता काटा इथेच झुकला.

विभाग कुठले पाडायचे हे मात्र घरात बसून ठरवू नका. मी वस्तूंची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, एकीला एक, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना काउंटरवर ढीग लावायला सांगितले. ‘एकत्र ठेवावंसं वाटेल ते एकत्र ठेवा, आणि ढिगाला तुम्हीच नाव द्या.’ या रीतीला वेबवाले कार्ड सॉर्टिंग म्हणतात. आमच्या आळीतल्या एका काकूंनी तिरफळं (मासळीच्या कालवणात घालतात तो मसाला), आमसुलं, मालवणी मसाला आणि सुका बांगडा एका ढिगात घातले. माझ्या यादीत त्या चार वस्तू एका विभागात नव्हत्या. पुण्याहून आलेल्या मुलांनी तिरफळाची चिठ्ठी हातात धरून विचारलं, हे काय असतं? त्या मुलांसाठी ‘मसाले’ या शब्दाखाली तिरफळ ठेवून काही उपयोग नाही. ‘मासळीच्या कालवणाला’ म्हटलं की निदान ते आणखी एक टिचकी मारून बघतात.

नंतर पाच जणांच्या हातात फोन दिला आणि ‘आगळ शोधा’ एवढंच सांगून गप्प बसलो. पाच यासाठी की साइट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नीलसन यांनी २००० साली लिहून ठेवलं आहे, पाच माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी वर येतात. गप्प बसणं हे यातलं अवघड काम. बोट चुकीच्या जागी जाताना दिसतं आणि तोंडून ‘वर, वर’ निघून जातं.

आता कामानुसार मांडणीचा त्रास. तो आहे, आणि तो रोजचा आहे. कुळीथ पीठ बेगमीतही हवं, आणि गणपतीला गावी न येऊ शकलेल्यांना भेट म्हणूनही हवं. फणसपोळी तीन ठिकाणी. आमची साइट वर्डप्रेसवर आहे, आणि त्यावर दुकान चालवायला वू-कॉमर्स जोडलेलं आहे. वू-कॉमर्समध्ये एक वस्तू अनेक विभागांत ठेवता येते आणि साठा एकच मोजला जातो, त्यामुळे हिशेब बिघडत नाही. पण तीच वस्तू दोन वेळा नव्याने चढवायची चूक कामावरच्या मुलाकडून होतेच, आणि मग एका पानावर माल शिल्लक आणि दुसऱ्यावर संपलेला. शिवाय विभागांच्या कडा पुसट. ‘भेट द्यायला’ यात काय येत नाही? हा विभाग मी दर तीन महिन्यांनी छाटतो, नाहीतर सगळं दुकान त्यात येऊन बसतं. सुक्या मासळीचा वेगळा विभाग मी या मांडणीतही तसाच ठेवला, तो मोडला नाही.

‘पावसाची बेगमी’ या विभागाने मात्र मला चकित केलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताजी मासळी महागते, आणि त्याआधी घराघरांत सुकट, आमसुलं, पापड भरून ठेवायची रीत आहे. हा शब्द साइटवर घातला तेव्हा एरवी एकच पाकीट मागवणारी माणसं मे महिन्यात पाच-सहा वस्तू एकदम मागवू लागली. ‘पिठं’ आणि ‘पापड’ असे शब्द वाचून कुणाला काही आठवत नाही, बेगमी म्हटल्यावर आठवतं.

सर्च असला की मांडणी कशीही चालते, असं मला साइट करून देणाऱ्याने सांगितलं होतं. आमच्या मालाला ते लागू पडत नाही. कुणी आमसूल लिहितो, कुणी कोकम, कुणी सोलं, कुणी रोमन लिपीत चार तऱ्हांनी. वर्डप्रेसचा मूळ सर्च अक्षरं जशीच्या तशी जुळवतो, आणि वेगळं काही जोडलं नसेल तर टॅगमध्ये, म्हणजे वस्तूला जोडलेल्या खुणेच्या शब्दांत, लिहिलेलं बघतही नाही. तो नाव आणि वर्णन बघतो. म्हणून सगळी नावं, रोमन रूपांसकट, वर्णनातच लिहा. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं होतं, “सोलां खंय ठेवलंस रे?” त्याच संध्याकाळी मी ‘सोलां’ हा शब्द वर्णनात घातला.

साइट करून देणाऱ्या त्याच माणसाने मेन्यूत सातच्या वर काही नको असाही आग्रह धरला. हा आकडा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखातून आला आहे, पण ते लिहीत होते माणसाच्या लक्षात किती राहतं त्याबद्दल. मेन्यू तर डोळ्यांसमोर असतो, लक्षात ठेवायचा नसतो. आठ झाले तरी बिघडत नाही. बिघडतं ते फोनवर सगळा मेन्यू तीन आडव्या रेघांमागे लपवला की. आमच्या पाचांपैकी दोघांनी त्या रेघांना हातच लावला नाही. विभागांचे चौकोन पहिल्या पानावर उघडे ठेवा, कुठलीही मांडणी घ्या.

आंब्याचं थोडक्यात. प्रकारानुसार मांडणीत ‘आंबा’ हा पहिला विभाग, आणि पावसाळ्यापासून हिवाळा संपेपर्यंत तो रिकामा. ‘हंगामातलं ताजं’ मध्ये तो आपोआप मागे सरतो. पण आंब्याचं पान पुसून टाकू नका. लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची लिंक जपलेली असते. हंगाम नसताना तिथे आंबापोळी आणि आमरसाचे डबे दाखवा, बुकिंग कधी उघडणार ते लिहा. देवगड की रत्नागिरी हा प्रश्न तर येतोच. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तो जास्तच आग्रहाने येतो. तो फिल्टरने सोडवा, त्यासाठी विभाग पाडू नका.

आणि पत्ते. विभाग बदलले की त्यांच्या पानांचे पत्ते बदलतात, जुने ३०१ रीडायरेक्टने (जुनी लिंक उघडली की आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) नव्याकडे वळवलेच पाहिजेत. पत्त्यात देवनागरी शब्द ठेवायचा मोह मलाही झाला होता. पण लिंक कॉपी केली की बहुतेक वेळा एकेका देवनागरी चिन्हाची टक्केखुणांसकट नऊ रोमन चिन्हं होतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक अर्धा पडदा व्यापते. म्हाताऱ्या माणसांना ती फसवणुकीची वाटते. पत्ता रोमन आणि छोटा, पानावरचं नाव मराठी.

तुमच्याकडे वीस-पंचवीसच वस्तू असतील, किंवा गिऱ्हाईक बहुतेक इकडचंच असेल, तर प्रकारानुसार मांडणीच ठेवा असं मी म्हणेन. ती सांभाळायला सोपी आहे, आणि दुकानात हात कमी असतात. पण माल मुंबई-पुण्याच्या पलीकडे जात असेल, नुसत्या नावावरून वस्तू न ओळखणारी माणसं तुमच्या साइटवर येत असतील, तर दुसरीचा त्रास मला सोसण्यासारखा वाटतो. एकदम सगळं बदलायचा धीर होत नसेल, तर जुनी मांडणी तशीच ठेवून वर एकच चौकोन ‘सोलकढीला’ असा लावा आणि आगळ तिथे नेऊन ठेवा. किल्ल्याच्या होड्या बंद असतात ते पावसाळ्याचे दिवस या कामाला बरे. काउंटरवर गर्दी नसते, चिठ्ठ्या लावायला शेजारीपाजारी निवांत बसतात, आणि गणपतीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत चुका सापडतात.