आईचे काळे शिवणयंत्र: दुरुस्तीनंतरची दोन वर्षे

पायाने चालवायची, ओतीव लोखंडाच्या स्टँडवर बसवलेली आणि फक्त सरळ टीप घालणारी काळी शिवणयंत्रे आजही बाजारात नवी मिळतात. हे परीक्षण मात्र 1974 साली आईने साताऱ्यात घेतलेल्या, पुढे पंधरा-सोळा वर्षे माळ्याखालच्या खोलीत झाकून पडलेल्या आणि दोन वर्षांपूर्वी मी पुण्याला आणून दुरुस्त करून घेतलेल्या यंत्राचे आहे. त्याच्या अंगावरची सोनेरी अक्षरे आईच्या मनगटाखाली इतकी घासली गेली आहेत की नाव आता वाचता येत नाही, त्यामुळे कोणत्याही कंपनीची स्तुती किंवा निंदा माझ्या हातून होण्याचा प्रश्न उरलेला नाही.

मी बारावीच्या सुट्टीत शिवणक्लासला जात होते. झबले, परकर, साधे पोलके आणि शेवटी कटोरी ब्लाउज इथपर्यंत शिकले, आणि नोकरी लागल्यावर सुईदोऱ्याशी माझा संबंध तुटलेली बटणे लावण्यापुरता राहिला. 2020 मध्ये, घरात बसून सगळ्यांनीच काही ना काही पुन्हा सुरू केले तेव्हा, मीही विजेवर चालणारे एक झिगझॅग मशीन मागवले. त्यावर मास्क शिवले, उशांचे अभ्रे शिवले आणि चार महिन्यांत त्यावर झाकण घातले. ते यंत्र वाईट होते असे मी म्हणणार नाही, पण पायाखालचे बटण जरा दाबले की ते धावत सुटे आणि गळ्याच्या वळणावर मला हवा तिथे एकच टाका घालून थांबणे जमत नसे. शिवण्यापेक्षा उसवण्यातच वेळ जाऊ लागला की आवड टिकत नाही.

आईचे मशीन टेम्पोतून उतरवले तेव्हा त्याचे चाक हलत नव्हते. घरी बोलावलेल्या कारागीर काकांनी बाजूची सरकती पट्टी काढून आत बोट फिरवले, बोटाचा वास घेतला आणि विचारले, "ताई, खोबरेल कोणी घातलं?" ते कोणी घातले हे आमच्या घरात अजून निश्चित झालेले नाही. शिवणयंत्राचे तेल पातळ असते आणि ते पातळच राहते. खोबरेल मात्र काही दिवसांनी चिकट होऊन धुळीसह राळेसारखे बसते आणि सांधे जखडून टाकते. काकांनी शटल (खालच्या दोऱ्याभोवती वरचा दोरा फिरवणारा भाग), त्याचे कडे, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांची पट्टी आणि सुईचा दांडा सुटा करून सारे भाग रॉकेलमध्ये रात्रभर ठेवले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकात तेलाचे दोन-दोन थेंब सोडून त्यांनी चाक फिरवले, तेव्हा ते एका बोटाने फिरले. कातडी पट्टा नवा लागला, बॉबिन केसची, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळ बसते त्या डबीची, झिजलेली पत्ती बदलावी लागली आणि दाबपायाची स्प्रिंग बदलली. सुट्या भागांसह एकूण खर्च 2,150 रुपये झाला, ज्यातली मजुरी 1,200 रुपये होती. ही सेवा मला अतिशय रास्त वाटली, कारण त्या पैशांत काकांनी जवळजवळ अर्धा तास मला मशीनसमोर बसवून दोऱ्याचा ताण कसा ओळखायचा तेही शिकवले.

क्लासमध्ये राहून गेलेली गोष्ट तीच होती. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकला पाहिजे. खालच्या बाजूला फासे दिसू लागले तर वरचा दोरा सैल आहे आणि खालचा दोरा वर ओढला जात असेल तर वरचा ताण जास्त आहे, एवढेच त्यामागचे शास्त्र आहे. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवायची. ती आपोआप खाली घसरता कामा नये, पण मनगटाला हलका झटका दिला की दोन-तीन बोटे उतरली पाहिजे. दोन दोऱ्यांच्या या टाक्याचे पेटंट अमेरिकेत इलायस हाउ यांनी 1846 साली घेतले आणि 1851 साली आयझॅक सिंगर यांनी आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून या टाक्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही, आणि माझ्या यंत्रात त्या तत्त्वापलीकडे फारसे काही नाही. त्यामुळे ते बिघडले तरी कुठे बिघडले ते डोळ्यांनी दिसते.

चालवण्यात मात्र पहिला आठवडा अवघड गेला. उजव्या हाताने चाक आपल्याकडे ओढायचे आणि त्याच क्षणी पायाने पायटा दाबायचा, हा मेळ चुकला की चाक उलटे फिरते, दोरा तुटतो आणि शटलमध्ये गुंता होतो. काकांच्या सांगण्यावरून मी आधी दोरा न ओवता वहीच्या रेघी कागदावर सुई चालवली. कागदावरची भोके रेघेवर येऊ लागल्यावर मांजरपाटाचा तुकडा घेतला. त्यावर पहिली वीतभर सरळ टीप पडली तेव्हा मी ती उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली. एका इंचात दहा टाके, सगळे सारखे, आणि दोन्ही बाजूंनी ओळखू येणार नाही की सुलटी बाजू कोणती. विजेच्या मशीनवर मी असे टाके शेकड्यांनी घातले होते, पण ते मोटर घालत होती. इथे प्रत्येक टाक्याचा वेग माझ्या पायातून येतो, आणि मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या भागाच्या, वळणावर मी इतकी सावकाश जाऊ शकते की सुई कापडात उतरताना दिसते. शिवणाची आवड परत आली ती या मंदपणामुळे, असे मला आता खात्रीने वाटते.

कापडाप्रमाणे यंत्राची वागणूक बदलते. मध्यम जाडीच्या सुती कापडावर, 14 नंबरच्या सुईने, त्याच्याइतकी नेटकी टीप मी दुसऱ्या कोणत्याही घरगुती मशीनवर पाहिलेली नाही. मलमलसाठी 11 नंबरची सुई लावावी लागते आणि दाबपायाचा दाब कमी करावा लागतो, नाहीतर कापड पुढे सरकताना चुरमडते. सुरुवातीला मलमलीचे टोक सुईखालच्या पट्टीच्या छिद्रात ओढले जात असे. त्याखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून शिवण्याची आणि नंतर तो फाडून काढण्याची आईची युक्ती अजूनही तितकीच उपयोगी पडते. 16 नंबरची सुई लावली की जीन्सच्या चार पदरांतून ते न अडखळता जाते, जे माझ्या विजेच्या मशीनला जमले नव्हते. गुळेदगुड्डचा खण शिवताना अडचण यंत्राची नसते, बेतण्याची असते: पन्ना अरुंद आणि काठ सोडवत नाहीत, त्यामुळे बाहीला काठ हवा की पाठीला, हा निर्णय कात्री उचलण्यापूर्वीच करावा लागतो. ताणणाऱ्या होजिअरीच्या कापडावर मात्र हे यंत्र पूर्णपणे निरुपयोगी आहे. कापड ताणले की टीप तटकन तुटते. टी-शर्ट शिवायचे असतील त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

माझे पहिले पुरे काम एक अस्तराचे ब्लाउज होते. कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतले, जे न केल्याने पूर्वी माझी दोन ब्लाउजे पहिल्याच धुण्यात आखडली होती. छातीच्या मापाचा चौथा भाग अधिक दीड इंच, या जुन्या सूत्राने पुढचा भाग बेतला. सगळे नीट झाले आणि शेवटी घातल्यावर लक्षात आले की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या आहेत. बाहीच्या पुढच्या मुंढ्याला पाठीपेक्षा जास्त खोलगट छाट असतो, आणि मी कापड दुहेरी न घालता एकेक बाही वेगवेगळी कापली होती. एक बाही उसवली, उरलेल्या कापडातून नवी निघेना, म्हणून बगलेत चौकोनी कळी घालून ती बसवली. ते ब्लाउज मी अजून वापरते. आमच्या भागात अस्तराच्या ब्लाउजची शिलाई 700 रुपयांच्या खाली नाही आणि सणाच्या आधी तीन आठवडे थांबावे लागते. मला अस्तर, हुक आणि दोरा मिळून दीडशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. या हिशेबाने दुरुस्तीचे पैसे चार ब्लाउजांतच वसूल झाले, पण हे मी कुणाला पटवण्यासाठी सांगते, स्वतःला नाही.

यंत्राला बाजूने लहान मोटर बसवून घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला आणि मी ती महिनाभर लावूनही पाहिली. लांबलचक पडदे शिवायला ती उत्तम आहे. बाकी सगळ्या कामाला ती मला घाईत ढकलत होती, म्हणून काढून ठेवली. यंत्रांबद्दल संशयी असलेल्या महात्मा गांधींनी 1924 साली सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता, याची मला मोटर काढताना आठवण झाली, यापेक्षा त्या आठवणीला जास्त अर्थ नाही.

तक्रारीही आहेत. या यंत्राला काज करता येत नाहीत, त्यामुळे कुर्त्याचे काज हाताने करावे लागतात किंवा बाहेर द्यावे लागतात. इंटरलॉक (कडेचे धागे गुंडाळून टाकणारी शिवण) नसल्यामुळे विरणाऱ्या कडांना उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावणे किंवा दुहेरी शिवण घालणे एवढेच दोन मार्ग उरतात, ज्यात वेळ दुप्पट जातो (आतली बाजू मात्र बाहेरच्या बाजूइतकी सुंदर दिसते, हेही खरे). आवाज खालच्या मजल्यापर्यंत पोचतो. त्यासाठी स्टँडच्या चारही पायांखाली जुन्या टायरचे तुकडे ठेवले आहेत. जागा पुष्कळ लागते. पावसाळ्यात कातडी पट्टा सैल पडून घसरतो आणि मग अर्धा इंच कापून तारेची आकडी पक्कडीने पुन्हा बसवावी लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी हे यंत्र घेण्यापूर्वी सलग वीस मिनिटे चालवून पाहावे. मला चाळीस मिनिटांनंतर उठावेच लागते.

कुणाला असे जुने यंत्र घ्यायचे असेल तर रंगावर आणि अक्षरांवर जाऊ नये. चाक हाताने पूर्ण फेरा फिरवून पाहावे आणि ते मध्येच कुठे अडत नाही ना याची खात्री करावी. दाबपायाखालचे दाते बोटाला टोकदार लागले पाहिजेत, गुळगुळीत झाले असतील तर कापड सरकत नाही. शटलचे टोक नखावर ओढून टोकावर ओरखडा नाही ना ते बघावे, कारण दोरा सतत तुटण्याचे ते एक मोठे कारण असते. एका बाजूने सपाट असलेली साधी घरगुती सुई आणि नेहमीचे बॉबिन चालत असेल तर पुढची काळजी नाही. पुण्यात तुळशीबागेपासून बोहरी आळीपर्यंत हे सामान सहज मिळते. डोके आणि स्टँड मिळून पाच हजारांपेक्षा जास्त देण्याचे कारण मला दिसत नाही, दुरुस्तीचे वेगळे धरावेत.

आणखी एक उणीव सांगायची राहिली. या यंत्रावर पिको, म्हणजे साडीच्या कडेची बारीक शिवण, होत नाही. आमच्या सोसायटीत शिवणयंत्र आल्याची बातमी पसरल्यावर पहिल्या पंधरवड्यात सहा जणी साड्या घेऊन दारात आल्या होत्या, आणि या उणिवेबद्दल माझी काहीही तक्रार नाही.