बर्फ त्यांचा, निसरडे तुमचे : ड्राइव्हवे साफ करून देणाऱ्या हंगामी कराराचे परीक्षण

ऑक्टोबर उजाडला की टोरांटोच्या पश्चिमेकडील ओकव्हिल, मिल्टन, ब्रॅम्प्टन या शहरांत घरोघरच्या दारांना पत्रके अडकवलेली दिसू लागतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तुमचा ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची गाडीची जागा, आम्ही साफ ठेवू, बर्फ कितीही पडो, रक्कम एकच, असा त्यांचा मजकूर असतो. गेले काही हिवाळे मी ओकव्हिलमध्ये अशाच एका कंत्राटदाराचा ग्राहक आहे. ही सेवा घ्यावी की नाही, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांनी घ्यावी की नाही, हे ओळखीची मराठी मंडळी वारंवार विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे. कंत्राटदाराचे नाव देत नाही, कारण पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या त्याच्या एकट्याच्या नसून माझ्या पाहण्यात आलेल्या जवळजवळ प्रत्येक छापील करारात त्या आहेत.

आधी ही वेळ येते कशी, ते सांगायला हवे. वय वाढले की बर्फाची हौस फिटते, असे इथे प्रत्येक जण म्हणतो. ते खोटे नाही, पण माझ्या मते हौसेला पहिली ओहोटी लागते ती स्वतःचे घर घेतल्यावर. वय नंतर येते. टोरांटोतला पहिला हिवाळा मी जानेवारी 1999 मध्ये पाहिला. त्या महिन्यात इतका बर्फ पडला की महापौर मेल लास्टमन यांनी मदतीला थेट सैन्य बोलावले, आणि उर्वरित कॅनडाने त्यावरून टोरांटोची उडवलेली टर आजही पुरती थांबलेली नाही. आम्ही तेव्हा भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. खालच्या पार्किंगमधला बर्फ कोण काढतो आणि किती वाजता काढतो याची आम्हाला गंधवार्ताही नव्हती. कॅमेऱ्यातले रोल संपवायचे आणि धुऊन आलेले फोटो साताऱ्याला पाठवायचे, एवढाच आमचा बर्फाशी संबंध होता. दुसऱ्याने काढलेल्या बर्फावर हौस करायला काय लागते?

घर घेतले आणि हिशेब बदलला. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतील असा ड्राइव्हवे साधारण 6 मीटर रुंद आणि 10 मीटर लांब असतो. त्यावर 20 सेंटीमीटर बर्फ पडला तर 12 घनमीटर होतो. नुकता पडलेला बर्फ घनमीटरला 100 किलो धरला, तरी 1,200 किलो वजन जागेवरून हलवायचे असते, आणि बर्फ ओला असेल तर हाच आकडा दुप्पट होऊ शकतो. एका शव्हलमध्ये, म्हणजे बर्फ उचलायच्या फावड्यात, पाच-सहा किलो आले, तर दोनशेहून अधिक वेळा वाकायचे, उचलायचे आणि कमरेतून वळून हिरवळीवर फेकायचे. समोरच्या रस्त्यावर लोटून मोकळे होता येत नाही. आमच्या ऑन्टारियो प्रांताच्या वाहतूक कायद्यानुसार परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ टाकण्यास मनाई आहे. हे सारे करून आपण कोट काढेपर्यंत नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी, येतो आणि रस्त्यावरचा चेंदलेला, मातकट बर्फ ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांधासारखा घालून जातो. याला इथे विंड्रो म्हणतात. मूळ बर्फापेक्षा हा बांध फोडणे अवघड, आणि गाडी बाहेर काढायची तर त्याला पर्याय नाही.

चाळिशीत या कामाचा अभिमान वाटतो. पुढे डॉक्टर सावध करू लागतात आणि त्यांच्याकडे त्यासाठी सबळ कारण असते. क्यूबेक प्रांतातील 1981 ते 2014 या काळातील नोंदींवर आधारलेला एक अभ्यास 2017 मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 20 सेंटीमीटर बर्फ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता पुरुषांमध्ये 16 टक्क्यांनी, तर त्याने मृत्यू होण्याची शक्यता 34 टक्क्यांनी अधिक आढळली. स्त्रियांमध्ये अशी वाढ दिसली नाही. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, हातांनी जोर लावताना माणूस श्वास रोखून धरतो, आणि हे सगळे सकाळी, अंथरुणातून उठल्या उठल्या चालते. आमच्या घरी हा विषय निघाला तेव्हा हिने शव्हल गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले आणि चर्चा संपली.

कराराकडे वळण्यापूर्वी बहुतेक जण स्नो ब्लोअर घेतात, तसा मीही घेतला होता. पुढे पात्यांचा फिरता दंड, मागे बर्फ उडवणारा पंखा आणि स्वतः पुढे सरकणारी चाके असलेले दोन टप्प्यांचे यंत्र उत्तम काम करते, विंड्रोही फोडते, याबद्दल शंका नाही. पण त्याचे वजन शंभर किलोच्या घरात असते. शिवाय त्यात अडकलेले काढण्यासाठी हात घालायचा नाही, हा नियम इंजिन बंद केल्यावरही पाळावा लागतो. उन्हाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलने कार्ब्युरेटर चोंदतो. बर्फाखाली गाडले गेलेले एखादे गोठलेले वर्तमानपत्र पात्यांत आले की गिअरबॉक्स वाचावा म्हणून मुद्दाम कमकुवत ठेवलेली पिन तुटते. ती पिन उणे पंधरात, हातमोजे काढून, टॉर्च दातांत धरून बदलावी लागते. यंत्राने कंबर वाचली, पण पहाटे पाचला उठणे वाचले नाही, आणि वाढत्या वयात मला कमरेइतकेच त्या उठण्याचेही ओझे वाटू लागले होते.

आता मूळ सेवा. दोन गाड्यांच्या ड्राइव्हवेसाठी हंगामाचे सुमारे 700 डॉलर आणि त्यावर 13 टक्के एचएसटी हा विक्रीकर, असा माझा दर आहे. अर्धे पैसे ऑक्टोबरमध्ये आणि उरलेले जानेवारीत द्यायचे असतात. जमीन गोठण्याआधी कंत्राटदाराची माणसे येऊन ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना नारिंगी काठ्या रोवून जातात, म्हणजे अंधारात चालकाला हद्द दिसावी. 5 सेंटीमीटरहून अधिक बर्फ पडला की ते न बोलावता येतात: एकदा कामावर जाण्याच्या वेळेआधी आणि गरज पडल्यास दुसऱ्यांदा, प्लाऊ फिरून गेल्यावर विंड्रो काढायला.

काम पाहण्यासारखे असते. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला उलटा ब्लोअर बसवलेला असतो. चालक ट्रॅक्टर मागे घेत थेट गॅरेजच्या दारापर्यंत आणतो, ब्लोअर जमिनीला टेकवतो आणि रस्त्याच्या दिशेने निघतो. त्याबरोबर बर्फ मागून ओढला जातो आणि उंच नळकांड्यातून कमान करून हिरवळीवर पडतो. असे दोन-तीन पट्टे मारले की काम संपते. मला पाऊण तास लागणारे काम पाच मिनिटांच्या आत उरकते, आणि तेही मी पांघरुणात असताना. मात्र गॅरेजच्या दाराला धक्का लागू नये म्हणून दारालगतचा हात-दीड हात पट्टा ते सोडतात. गाडी बाहेर उभी असेल तर तिच्याभोवतीचा बर्फही तसाच राहतो. घराच्या पायऱ्या आणि पायवाट या दरात नाहीत. थोडक्यात, शव्हल विकून टाकता येत नाही.

सेवेची खरी कसोटी फेब्रुवारी 2025 मध्ये लागली. मध्यावर काही दिवसांच्या अंतराने मोठी वादळे आली आणि टोरांटोच्या परिसरात अर्ध्या मीटरहून अधिक बर्फ साचला. पहिल्या वादळात ट्रॅक्टर वेळेवर आला. दुसऱ्यात मात्र दुपार टळून गेली तरी त्याचा पत्ता नव्हता, आणि फोन केल्यावर ध्वनिमुद्रित संदेशाखेरीज काही ऐकू आले नाही. करार काढून वाचला, तेव्हा 'मोठ्या वादळात बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत' असे कलम त्यात होतेच. मला त्यांचा राग आला नाही. एका ट्रॅक्टरकडे जितकी घरे असतात, त्यांत कोणीतरी शेवटचा असणारच. पण ज्यांना पहाटेच्या पाळीला रुग्णालयात वा कारखान्यात पोहोचायचे असते, त्यांनी आपले घर फेरीत कितव्या क्रमांकावर आहे हे सही करण्याआधीच विचारून घ्यावे. आणखी एक बाब म्हणजे उडवलेला बर्फ शेवटी माझ्याच हिरवळीवर साचतो. त्या महिन्यात ढीग इतके वाढले की गाडी मागे घेताना फूटपाथवरचे मूल दिसणार नाही अशी स्थिती झाली, आणि ते कमी करून देण्याचे वेगळे पैसे मागितले गेले.

या सगळ्या तक्रारी मात्र किरकोळ आहेत. माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. हा करार बर्फाची उंची मोजतो, आणि साठीकडे झुकलेल्या माणसाला भीती असते ती निसरड्याची. दक्षिण ऑन्टारियोत हिवाळाभर तापमान शून्याच्या वर-खाली होत राहते. दुपारी ढिगाऱ्यांचे पाणी ड्राइव्हवेवर उतरते आणि रात्री त्याचा डांबरावर दिसतही नाही असा पापुद्रा होतो. त्याहून वाईट म्हणजे गोठणारा पाऊस: वरच्या उबदार थरातून येणारे थेंब जमिनीलगतच्या थंड हवेत शून्याखाली जातात आणि टेकतील तिथे क्षणात गोठतात. डिसेंबर 2013 मध्ये नाताळच्या तोंडावर अशाच पावसाने टोरांटोत झाडे मोडली आणि सुमारे तीन लाख ग्राहकांची वीज गेली. अशा दिवशी करारानुसार पडलेला बर्फ असतो शून्य सेंटीमीटर, त्यामुळे ट्रॅक्टर येत नाही आणि त्यात त्यांची काही चूकही नसते. उलट ट्रॅक्टर खरवडून जातो तेव्हा मागे उरलेला पातळ, दाबलेला थर रात्रीतून अधिकच गुळगुळीत होतो. पस्तिशीत मी अशाच पृष्ठभागावर मुद्दाम घसरत जात असे. आता डबा हातात घेऊन गाडीपर्यंतचे अंतर कापताना मी ज्या पद्धतीने पावले टाकतो, ती पाहून मुलगा हसतो.

निसरडा थर वितळवण्यासाठी मीठ टाकण्याची सोय मिळते, पण ती प्रत्येक फेरीला वेगळ्या दराने, आणि सांगितले तरच. साधे मीठ उणे दहाच्या खाली फारसे चालत नाही; तेव्हा कॅल्शियम क्लोराइड लागते, जे महाग पडते आणि जे कंत्राटदार बहुधा वापरत नाही. घसरून पडल्याची जबाबदारी करारात स्पष्ट शब्दांत नाकारलेली असते, म्हणजे तुमच्या दारात कुरिअरवाला पडला तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार. ऑन्टारियोत 29 जानेवारी 2021 पासून पडलेल्या माणसाने अशा दाव्याची लेखी सूचना 60 दिवसांत देणे सक्तीचे झाले आहे. घरमालकाला हा दिलासा असला तरी जबाबदारी संपत नाही.

म्हणून कराराबरोबर बुटांवर खर्च करणे मला अपरिहार्य वाटते. टोरांटो रिहॅब या पुनर्वसन रुग्णालयाच्या संशोधकांनी बर्फाच्या उतरत्या पृष्ठभागावर माणसे चालवून हिवाळी बूट तपासले, आणि 2016 मध्ये जाहीर केलेल्या पहिल्या निकालात 98 पैकी जेमतेम 9 टक्के बूट किमान कसोटीला उतरले. 7 अंशांच्या उतारावर पकड टिकली तर एक हिमकण, त्याहून तीव्र उतारांवर टिकली तर दोन वा तीन, असे त्यांचे गुणांकन आहे. किंमत आणि पकड यांचा संबंध असेलच असे नाही, त्यामुळे दुकानात जाण्याआधी ती यादी पाहावी.

बर्फाची हौस परत आली का, असेही काही जण विचारतात. परत आली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका पैठणीवर जाड कोट चढवून, वाण सांभाळत आमच्या दारात उतरतात तेव्हा माझे लक्ष त्यांच्या पायांखालच्या जागेवर असते. पण हवामानाचा अंदाज ऐकून आदल्या रात्री जी चिडचिड सुरू व्हायची, ती बऱ्याच अंशी थांबली. 700 डॉलरमध्ये मला मिळाले ते हे, आणि ते कमी नाही.

पाचपैकी साडेतीन गुण देईन. तिशी-चाळिशीतल्या, धडधाकट आणि एका गाडीपुरता ड्राइव्हवे असणाऱ्या माणसाने हे पैसे वाचवावेत; एक चांगले शव्हल पुरते. पन्नाशीनंतर, किंवा हृदयाची वा कमरेची तक्रार असल्यास, करार जरूर करावा, पण 5 सेंटीमीटरची नोंद नेमकी कोणी आणि कुठे घ्यायची, विंड्रो धरलेला आहे की नाही, हे लेखी घ्यावे. मीठ हंगामाच्या ठोक दरात बसवून मागावे. मी यंदा ते मागितले, आणि पायऱ्यांसह दीडशे डॉलर वाढवून कंत्राटदार तयार झाला. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून मागितले तर यातही घासाघीस होते.