माइनक्राफ्टमधील रेडस्टोन : उद्यमनगरातल्या एका पॅनेलवाल्याचा अभिप्राय

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पंपांचे स्टार्टर आणि कंट्रोल पॅनेल जोडण्यात माझी वीस वर्षे गेली. त्यामुळे नववीतला पुतण्या माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळे रचून जग उभारण्याच्या व्हिडिओ गेममध्ये, सर्किट करतो असे सांगू लागला, तेव्हा मी ते फारसे मनावर घेतले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याशेजारी बसून ते हाताळल्यावर मात्र मत बदलले. कंट्रोल वायरिंगचा विचार कसा करावा हे हा खेळ उत्तम शिकवतो. विजेविषयी तो काहीच शिकवत नाही.

रेडस्टोनची लाल भुकटी ही इथली तार. तिच्यातील सिग्नल जास्तीत जास्त १५ असतो आणि दर ठोकळ्यागणिक एकाने घटतो. तो पुढे न्यायचा तर मध्ये रिपीटर बसवावा लागतो, जो सिग्नल पुन्हा १५ वर आणतो आणि ०.१ ते ०.४ सेकंदांचा विलंबही देतो, म्हणजे टायमरचे कामही त्याच्याकडून करून घेता येते. टॉर्च (रेडस्टोनची छोटी मशाल) म्हणजे आमचा एनसी कॉन्टॅक्ट, एरवी चालू आणि सिग्नल आला की बंद होणारा : ती ज्या ठोकळ्याला लावली आहे त्याला सिग्नल मिळाला की ती विझते. दोन टॉर्च एकमेकींना विझवतील अशा जोडल्या की स्टार्टरमधले होल्डिंग तयार होते आणि बटणावरचे बोट काढले तरी चालू झालेले चालूच राहते.

आम्ही राधानगरी धरणाचे, पाणी वाढले की आपोआप उघडणारे सात दरवाजे करायला घेतले. धरण म्हणून एक पिंप ठेवले, त्याला ते किती भरले हे मोजणारा कंपॅरेटर लावला आणि पुढे भुकटीची सरळ ओळ घातली. पिंप जितके भरलेले, तितका कंपॅरेटरचा सिग्नल मोठा आणि तितका तो ओळीत लांब पोहोचतो. म्हणून नवव्यापासून पंधराव्या ठोकळ्यापर्यंत प्रत्येकाच्या बाजूला एक रिपीटर आणि त्यापुढे एक लोखंडी झडप बसवली. पहिल्या वेळी मी सवयीने मुख्य ओळीतही एक रिपीटर घातला आणि पिंपात चार वस्तू पडताच सातही दरवाजे एकदम उघडले. पुतण्या म्हणाला, "काका, गावं बुडवलीत की!" तो रिपीटर काढल्यावर दरवाजे एकामागून एक उघडू लागले. सातवा इतका काटेकोर निघाला की पिंपाच्या २७ खणांत मिळून एक नग जरी कमी असला, तरी तो हलत नाही.

उणीव मोठी आहे. इथे व्होल्टेज नाही, रोध नाही, न्यूट्रल नाही. एकाच तारेने सगळे चालते, कारण परतीचा मार्ग लागतच नाही. टॉर्च फार वेगाने चालू-बंद केली तर ती काही काळ जळून बंद पडते, एवढाच काय तो धोका. त्यामुळे या जोरावर मुलाने घरातला स्विचबोर्ड उघडू नये, हे पालकांनी आधीच बजावावे.

खेळ घेताना आवृत्ती पाहून घ्यावी. संगणकावरच्या जावा आवृत्तीत पिस्टनच्या (ठोकळे ढकलणाऱ्या दट्ट्याच्या) वरच्या जागेत सिग्नल पोहोचत असेल तरी पिस्टन हलू शकतो. मोबाइलवर चालणाऱ्या बेडरॉक आवृत्तीत तसे होत नाही. जावासाठी केलेला व्हिडिओ पाहून मोबाइलवर केलेली जोडणी चालली नाही, तर आधी तेथेच दोष शोधावा. आमचे दोन दिवस नेमके यातच गेले.